बर्मा शेलचा डबा, पाटी आणि नाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत आमच्या जुन्या वखारीत एक खोलीभर सामान आहे. पत्र्याचे डबे, इनॅमलच्या पाट्या, कंदील, नरसाळी, पितळी मापं. आजोबांचं राकेलचं दुकान होतं, त्यातून उरलेलं थोडं आणि मी जुन्या बाजारांतून गोळा केलेलं बरंच. घरातले त्याला भंगार म्हणतात, बघायला येणारे संग्रह म्हणतात. यातल्या निम्म्या वस्तूंवर बर्मा शेल या जुन्या तेलकंपनीचं एकच नाव आहे आणि निम्म्याहून जास्त प्रश्न त्याच नावाबद्दल येतात. फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवावं म्हणून हा खटाटोप. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. ज्यात मला रस आहे तिथं मी पाल्हाळ लावलं आहे, बाकीचं आटोपतं घेतलं आहे.

बर्मा शेल ही नक्की कोणाची कंपनी? बर्माची की शेलची?

दोघांची. बर्मा ऑइल ही १८८६ साली ग्लासगोत निघालेली स्कॉटिश कंपनी. तिच्या तेलविहिरी ब्रह्मदेशात येनानजाऊंगच्या बाजूला होत्या आणि तिचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे आपण. ब्रह्मदेश १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानाचाच एक प्रांत होता, त्यामुळे रंगूनहून बोटीनं येणारं राकेल कागदोपत्री घरचाच माल. दुसरीकडे शेलची एशियाटिक पेट्रोलियम. आधी दोघांनी एकमेकांचे भाव पाडून पाहिले, मग समझोते केले आणि शेवटी १९२८ साली हिंदुस्थानातला विक्रीचा धंदाच एकत्र केला.

नव्या कंपनीचं पूर्ण नाव ‘बर्मा-शेल ऑइल स्टोरेज अँड डिस्ट्रिब्यूटिंग कंपनी ऑफ इंडिया’. एवढं लांब नाव कुणी वाचत नाही, पण धंदा त्यातच सांगितलेला आहे: साठवणं आणि वाटणं. जमिनीतून तेल कोण काढतं, ते कुठं शुद्ध होतं, हे आपल्या पलूस-तासगावच्या माणसाला कधी दिसलं नाही. दिसला तो गाडीतून डबा उतरवणारा, आणि लक्षात राहिलं ते डब्यावरचं नाव.

शेल म्हणजे शिंपला. तेलाच्या कंपनीला शिंपल्याचं नाव कशाला?

कारण त्या घराण्याचा मूळ धंदाच शिंपल्यांचा. लंडनमध्ये मार्कस सॅम्युएल नावाचा व्यापारी पूर्वेकडच्या चित्रविचित्र वस्तू मागवून विकायचा. वर शिंपले चिकटवलेल्या छोट्या पेट्या त्याच्याकडून लोक हौसेनं नेत. आपल्याकडं मालवण-रत्नागिरीला सहलीला गेलं की आणतात ना, तसल्याच. त्याच्या मुलाचं नावही मार्कसच. या धाकट्यानं काळ्या समुद्राकडचं रशियन राकेल पूर्वेच्या बाजारात आणायचा घाट घातला आणि १८९१ साली त्या राकेलला ‘शेल’ हे नाव दिलं. १८९७ मध्ये कंपनीच त्या नावानं उभी राहिली. जहाजांनाही शिंपल्या-शंखांची नावं दिली: म्युरेक्स, काँच, क्लॅम. १९०७ साली ही कंपनी रॉयल डच या डच कंपनीबरोबर एक झाली.

चिन्हाची गोष्ट वेगळी आहे. १९०१ साली ते साध्या कालवासारख्या शिंपल्याचं होतं, १९०४ पासून पंख्यासारख्या पन्हळी शिंपल्याचं झालं. आज दिसतं ते रेखीव रूप रेमंड लोवी या रचनाकारानं १९७१ साली केलेलं. पन्हळी शिंपलाच का, याचं एक उत्तर शेलच्याच इतिहासात सांगतात आणि ते आपल्याला जवळचं आहे. सॅम्युएलचं राकेल हिंदुस्थानात आणून विकणारा ग्रॅहम नावाचा एक व्यापारी पुढं शेलच्या संचालक मंडळावर गेला. त्याच्या घराण्याच्या मानचिन्हात असा शिंपला होता, तिथून तो उचलला असावा. म्हणजे जगभरच्या पंपांवर जो शिंपला आहे त्याची एक वाट हिंदुस्थानच्या राकेल बाजारातून जाते. पुरावा पक्का नाही असं ते स्वतःच म्हणतात, पण मला ही गोष्ट सोडवत नाही.

आपल्याकडं ‘ब्रँड’ हा शब्द अलीकडचा. पूर्वी ‘छाप’ म्हणायचे. अक्षरओळख नसलेल्या गिऱ्हाइकाला चित्र कळतं, आणि शिंपला काढायला सोपा, ओळखायला त्याहून सोपा. इंग्रजीत ‘शेल’ लिहिलेलं वाचता येणारी माणसं गावात दोन-तीन, शिंपला ओळखणारं अख्खं गाव.

तेलाच्या कंपनीपेक्षा तिच्या डब्याचं एवढं कौतुक का?

हा माझा आवडता प्रश्न.

१८९० च्या आसपास पूर्वेच्या बाजारात अमेरिकेच्या स्टँडर्ड ऑइलचं राज्य होतं. त्यांचं राकेल निळ्या पत्र्याच्या चौकोनी डब्यांत यायचं, दोन डबे एका लाकडी पेटीत. पेट्या जहाजात रचून आणायच्या म्हणजे जागा जाते, पैसे जातात, गळती होते ती वेगळीच. सॅम्युएलनं हिशेब केला की जहाजाचं पोटच टाकीसारखं करावं आणि राकेल सुटं ओतून आणावं. सुएझ कालव्याच्या अधिकाऱ्यांनी सुरक्षिततेचे नियम घातले होते, त्यांत बसेल असं जहाज त्यानं बांधून घेतलं. ऑगस्ट १८९२ मध्ये ‘म्युरेक्स’ हे तेलवाहू जहाज सुएझमधून पार झालं. आता स्टँडर्डपेक्षा स्वस्त विकायचं आणि बाजार मारायचा, असा बेत.

आणि माल उठेना. लोकांना राकेल हवं होतं, पण डबासुद्धा हवा होता! रिकाम्या निळ्या डब्यांची छपरं होत होती, पिंजरे होत होते, चहाची गाळणी होत होती. तुम्ही स्वस्त देता ते ठीक, पण आमच्या भांड्यात ओतून देणार असाल तर डब्याचं काय? लंडनला बसून हे कुणाला सुचणार? मग सॅम्युएलनं पूर्वेला कथिल चढवलेला पत्रा पाठवला, जागोजागी डबे बनवण्याची सोय केली आणि डब्यांना भडक लाल रंग दिला. स्टँडर्डचे निळे डबे लांबच्या प्रवासानं खरचटलेले, गंजलेले. हे जागेवर बनलेले, नवे कोरे, लाल. बाजार फिरला. माझ्या मते तेलाच्या इतिहासात गिऱ्हाइकानं कंपनीला शिकवलेला हा पहिला मोठा धडा, आणि तो पत्र्याचा आहे.

आपल्या भागात डब्याचं काय काय झालं, ते सांगायला बसलो तर दिवस जाईल. ज्वारी हुरड्यात आली की माचाणावर बसून पाखरं हाकलायला डबा बडवायचा. वरचं तोंड कापून मधोमध लाकडी दांडा ठोकला की पाण्याचा डबा, असे दोन डबे कावडीला लावले की घराचं पाणी. फोडून सपाट केला की गोठ्याच्या छपराला ठिगळ. काकवी डब्यात, रंग डब्यात, जनावराचं पेंडपाणी डब्यात, दारातली तुळस डब्यात. छोटे तुकडे उरले तर त्याची चिमणी, म्हणजे वात घातलेला उघडा दिवा. त्यातूनच राकेल आलं होतं आणि त्यातच राकेल जळायचं. टमरेलाबद्दल लिहीत नाही, माझ्या वयाच्या लोकांना माहीत आहे.

शिवाय कृष्णाकाठचा खास वापर: पोहायला शिकणं. रिकाम्या डब्याचं तोंड झाळून बंद करायचं, दोरीनं पोराच्या पाठीला बांधायचं आणि पोराला विहिरीत ढकलायचं. वर काठावर काका उभा. महिन्याभरानं डबा सुटतो आणि पोरगं पुरात आयर्विन पुलाकडं बघून स्वप्नं रंगवायला लागतं. भोपळाही वापरायचे, पण भोपळा फुटतो.

आणि खेळ? ‘डबा ऐसपैस’. इंग्रजी ‘आय स्पाय’चं ऐसपैस झालं हे पुष्कळांना माहीत असतं. मधोमध ठेवायचा डबा मात्र सहसा राकेलचाच असायचा, कारण दुसरा एवढा मोठा आवाज करणारा डबा घरात नसायचा.

हा डबा किती लिटरचा?

इंग्रजी मापानं चार गॅलन, म्हणजे १८ लिटरला थोडा वर. अमेरिकन गॅलन लहान असतो, म्हणून अमेरिकेहून येणारे डबे त्यांच्या हिशेबानं पाच गॅलनचे. आकार जवळजवळ तोच. राकेल पाण्यापेक्षा हलकं, तेव्हा भरलेल्या डब्यातलं राकेल साधारण साडेचौदा किलो. त्याच डब्यात पाणी भरलं की १८ किलो. कावडीला दोन डबे लावून नदीचा घाट चढणाऱ्याच्या खांद्यावर ३६ किलो, तुम्हीच बघा.

गणपती पेठेत आज शेंगतेलाचा १५ किलोचा चौकोनी डबा मिळतो ना, तो याच कुळातला. आकारात फारसा फरक नाही. दशमान पद्धत आली, गॅलन गेला, किलो आला, कंपन्या बदलल्या, पण हमालाच्या हाताला बसलेला चौकोन बदलला नाही.

विमानांनाही हाच डबा पुरला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले, वाटेत अहमदाबादला उतरले. तिथं विमानाला पेट्रोल आलं ते बर्मा शेलच्या चार गॅलनच्या डब्यांतून, आणि डबे आले ते बैलगाडीतून. तेल भरून विमान पुढं मुंबईला जुहूला उतरलं. ही गोष्ट मी शाळेतल्या पोरांना सांगतो तेव्हा बैलगाडीपाशी सगळी हसतात. त्यात हसण्यासारखं काय आहे? तेव्हा पेट्रोल पोचवणारी भरवशाची गाडी तीच होती.

रॉकेल, घासलेट, केरोसीन: यातलं कंपनीचं नाव कोणतं?

विचारणाऱ्याला वाटतं ‘रॉकेल’. तसं नाही. रॉकेल म्हणजे ‘रॉक ऑइल’, खडकातलं तेल. आपल्या तोंडात त्याचं रॉकेल आणि खेड्यात राकेल झालं. घासलेट म्हणजे ‘गॅसलाइट’ असं मानतात.

कंपनीचं नाव होतं ते खरं तर ‘केरोसीन’! अब्राहम गेस्नर नावाच्या कॅनडातल्या माणसानं मेणासाठीच्या ग्रीक शब्दावरून ते घडवलं आणि १८५४ मध्ये व्यापारचिन्ह म्हणून नोंदवलं. काही वर्षं तो शब्द वापरायचा हक्क अमेरिकेतल्या मोजक्या कंपन्यांनाच होता. मग तो इतका पसरला की कुणाचाच राहिला नाही. रेशन कार्डावर सरकार ज्याला केरोसीन म्हणतं ते एकेकाळचं खासगी नाव, आणि आपण ज्याला राकेल म्हणतो ते साधं वर्णन. उलटं वाटतं, पण आहे असंच.

तिकडं रेशनचं राकेल निळं असायचं, ते भेसळ ओळखता यावी म्हणून रंग घातलेला असायचा. निळ्या डब्यांशी त्याचा संबंध नाही. हाही प्रश्न येतो, म्हणून सांगून टाकलं.

तुमच्याकडं ‘प्रभाकर’ कंदील आहे असं ऐकलं. तोही बर्मा शेलचाच का?

नाही, नाही. प्रभाकर कंदील आपल्या मातीतला. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला ओगले बंधूंनी १९१६ साली काचेचा कारखाना काढला. कऱ्हाडचं रेल्वे स्टेशन आहे तीच ही ओगलेवाडी. तेव्हा तो मुलूख औंध संस्थानाचा. ज्या औंधकरांनी १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल रोडच्या माळावर जागा दिली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली, त्यांचाच आश्रय यांनाही मिळाला. ओगल्यांनी काचा केल्या, दिव्यावर बसवायच्या काचेच्या चिमण्या केल्या आणि पुढं अख्खा कंदील केला.

माझ्याकडं तीन आहेत, दोन पेटतात. रात्री वीज गेली की मुद्दाम पेटवतो. तेव्हा नेहमी एक गोष्ट मनात येते. लोकांनी स्वदेशी म्हणून तो कंदील घेतला. काच स्वदेशी, पत्रा कापून जोडणारे हात स्वदेशी, वात सुती स्वदेशी. आत जळायचं ते मात्र विलायती कंपनीचं. किर्लोस्करांच्या पंपाचंही तेच. ऊस भिजवणारा पंप आपला, इंजिनात घालायचं तेल परक्याचं. त्यामुळं शिवारातल्या इंजिनाच्या खोलीत दोन पाट्या शेजारी शेजारी दिसायच्या.

दुसऱ्या टोकाला चीनमध्ये स्टँडर्ड ऑइलनं ‘मेई फू’ नावाचे छोटे दिवे अगदी स्वस्तात, कधी फुकटसुद्धा वाटले, म्हणजे दिवा घरात गेला की तेल मागून जाईल. आपल्याकडं दिवा ओगल्यांनी दिला आणि तेल विलायती कंपन्यांचं खपलं.

एस्सो आणि कॅल्टेक्स वेगळे का?

वेगळे, या दुसऱ्या दोन तेलकंपन्या. ‘एस्सो’ म्हणजे एस आणि ओ ही दोन अक्षरं, म्हणजेच स्टँडर्ड ऑइल. १९११ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं स्टँडर्ड ऑइलचे ३४ तुकडे केले. त्यातल्या न्यू जर्सीच्या तुकड्यानं पुढं हे उच्चारी नाव घेतलं. बाकीचे तुकडे ओरडले की हे तर आमचंच नाव वेगळ्या स्पेलिंगनं, आणि कोर्टानं अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत ते वापरायला बंदी केली. मग तिथं ‘एन्को’ असं दुसरं नाव. जपानी भाषेत एन्को म्हणजे बंद पडलेली गाडी! अखेर १९७२ मध्ये कंपनीनं ‘एक्झॉन’ हे कुठल्याच भाषेत अर्थ नसलेलं नाव घेतलं. अमेरिकेबाहेर अनेक देशांत एस्सो आजही आहे.

आपल्याकडं १९७४ साली एस्सोचा धंदा सरकारनं घेतला आणि त्यातून हिंदुस्थान पेट्रोलियम झालं. कॅल्टेक्स १९७८ मध्ये त्यातच मिसळली. भिलवडी स्टेशनजवळ हजारवाडीला जो हिंदुस्थान पेट्रोलियमचा डेपो आहे, तिथून निघणारे टँकर वंशावळीनं या घरातले.

मग बर्मा शेल कधी गेली?

२४ जानेवारी १९७६ रोजी, आणीबाणीच्या काळात, सरकारनं ती ताब्यात घेतली. आधी नाव ‘भारत रिफायनरीज’ झालं आणि १ ऑगस्ट १९७७ पासून ‘भारत पेट्रोलियम’. मुंबईत बॅलार्ड इस्टेटमधलं बर्मा शेल हाऊस भारत भवन झालं. ट्रॉम्बेची १९५५ सालची रिफायनरीही त्याबरोबर आली.

पंपांचे रंग बदलले, पाट्या उतरल्या. पण ‘शेलच्या पंपापाशी थांब’ असं सांगणारी माणसं पुढची वीस-पंचवीस वर्षं तसंच सांगत राहिली. आमच्या आजोबांनी १९७७ नंतर नवी पाटी लावली आणि जुनी उलटी करून पिठाच्या डब्याखाली ठेवली, म्हणून ती वाचली. २००५ चा आणि २०१९ चा महापूरही तिनं पाहिला. दोन्ही वेळा चिखलातून काढून धुतली, एक ओरखडासुद्धा नाही.

शेल कंपनी २००४ नंतर आपल्या देशात पुन्हा पंप काढू लागली. तो शिंपला खरा आहे, पण त्याचा आपल्या जुन्या डब्याशी व्यवहार नाही. तो परत आलेला पाहुणा. आणि बर्मा? त्या देशाचंच नाव १९८९ साली म्यानमार झालं.

कॅस्ट्रॉलचा या सगळ्याशी काय संबंध?

गमतीदार आहे. कॅस्ट्रॉल हे नाव १९०९ सालचं, आणि ते एरंडेलावरून आलं. कॅस्टर ऑइल म्हणजे एरंडेल. त्या काळात इंजिनाच्या वंगणात ते मिसळायचे. आजी पोट साफ व्हायला द्यायची तेच. तर ही कॅस्ट्रॉल १९६६ मध्ये बर्मा ऑइलनं विकत घेतली. आता बर्मा ऑइलनं १९०९ साली इराणच्या तेलासाठी पैसे घालून जी कंपनी उभी केली होती, ती पुढं ‘बीपी’ झाली. आणि २००० साली या बीपीनं बर्मा कॅस्ट्रॉल विकत घेतली. मुलानं बापाला विकत घेतलं म्हणायचं! गॅरेजमधल्या हिरव्या-लाल डब्याच्या मागं एवढी भाऊबंदकी आहे.

बरशेन गॅस म्हणजे काय?

बर्मा शेलनं १९५० च्या दशकाच्या मध्याला मुंबईत स्वयंपाकाचा गॅस आणला, त्याचं नाव ‘बरशेन’. बर्मातला ‘बर’, शेलचा ‘शे’, मग प्रोपेन-ब्युटेनच्या शेवटाशी जुळणारा ‘न’. अशी नावं तेव्हा फॅशनमध्ये होती. इंडियन ऑइलचा ‘इंडेन’ १९६५ चा. बरशेनचा पुढं भारत गॅस झाला. मुंबईतल्या जुन्या चाळीत कुणी आजी अजून ‘बरशेन संपला’ म्हणाली तर नवल वाटून घेऊ नका.

बर्मा शेलनं नकाशे आणि चित्रपट काढले होते का?

होय. मोटारवाल्यांसाठी रस्त्यांचे नकाशे काढायचे, कारण माणूस फिरला तर पेट्रोल जळणार. माझ्याकडच्या नकाशाच्या घड्या फाटल्या आहेत, तो मी कुणाला उघडू देत नाही. १९५० च्या दशकात कंपनीचा माहितीपटांचा स्वतंत्र विभाग मुंबईत होता, जेम्स बेव्हरिज हे कॅनडाचे दिग्दर्शक त्याचे प्रमुख होते.

पुण्यात ‘बर्मा शेल’ नावाची वस्ती आहे, ती हीच का?

नाव तेच. लोहगाव विमानतळाच्या बाजूला आहे. कंपनी जाऊन जवळजवळ पन्नास वर्षं झाली, पण पत्ता सांगताना लोक तेच सांगतात.

माझ्याकडं इनॅमलची पाटी आहे. खरी की बनावट?

लोहचुंबक लावा, आत लोखंड असलं पाहिजे. इनॅमल म्हणजे रंग नव्हे, काचेची पूड लोखंडी पत्र्यावर सुमारे ८०० अंश सेल्सिअसला वितळवून बसवलेली. म्हणून बोट फिरवलं की काचेसारखं थंड आणि गुळगुळीत लागतं, आणि दोन रंग जिथं मिळतात तिथं हलकी पायरी जाणवते. छापील पाटीत ती नसते. कपचा उडालेल्या जागी बघा: कडेनं थरावर थर दिसायला हवेत आणि मधला गंज काळपट, जुना. नव्या पाटीवर खिळ्यानं ठोकून मुद्दाम कपचे पाडतात आणि मीठ-पाण्यानं गंज चढवतात. तो नारिंगी असतो, बोटाला लागतो. खऱ्या पाटीवर गंज भोकांभोवती जास्त असतो, कारण स्क्रू आवळतानाच काच तडकते.

मीही फसलो आहे. एका व्यापाऱ्यानं ‘मिरजेच्या जुन्या पंपावरची’ म्हणून पाटी दिली. घरी आणून पाहिलं तर चारही कपचे एकसारखे गोल. परत द्यायला गेलो तर म्हणाला, साहेब, शिंपला तर खरा आहे ना. ती पाटी आता खोलीच्या दारामागं आहे, शिकवायला बरी पडते.

जुन्या डब्यात धान्य किंवा पाणी ठेवलं तर चालेल का?

नको. आपल्या आज्यांनी ठेवलं हे खरं, पण त्या डब्यांच्या सांध्यांना शिशाचं झाळकाम असायचं, आणि राकेलचा वास किती धुतला तरी पत्र्यात राहतो. शोभेला ठेवा, तुळस लावा. दुसरी सूचना त्याहून महत्त्वाची: बंद पडून असलेल्या डब्याला झाळ द्यायला किंवा कापायला कारागिराकडं नेलात तर आधी साबणाच्या गरम पाण्यानं धुऊन दोन-तीन दिवस उघडा ठेवा. आत राहिलेली वाफ पेटली तर डब्याचा बॉम्ब होतो.

माझ्या ढाब्याला ‘शेल’ नाव द्यायचं आहे, वर शिंपला काढायचा आहे. चालेल?

वकिलाला विचारा. मला विचाराल तर नको. कंपनीनं पाटी उतरवली म्हणून नाव मोकळं होत नाही. आपल्याकडच्या १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यात नोंदणी दहा वर्षांची असते आणि दर वेळी वाढवता येते, आणि नामांकित चिन्ह असेल तर वेगळ्या धंद्यातही अडवता येतं. त्यापेक्षा ‘डबा’ असं नाव द्या. कुणी हक्क सांगणार नाही.

तुमच्याकडचं काही विकता का?

नाही. दुबार असेल तर अदलाबदल करतो: पाटीला पाटी, मापाला माप, नरसाळ्याला नरसाळं. नुसतं बघायला यायचं असेल तर रविवारी सकाळी या, चहा मिळेल. कोपऱ्यातला तोंड झाळलेला डबा अदलाबदलीलाही नाही. त्याच्या दोन बाजूंना दोरीसाठी कड्या आहेत, लाल रंगाचा एक टवका शिल्लक आहे, आणि विहिरीत पहिल्यांदा ढकललं गेलो तेव्हा माझ्या पाठीवर तोच होता.